किन्शासात पाहायचे काय?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लोकशाही प्रजासत्ताक काँगो या देशाची राजधानी किन्शासा. दीड कोटीच्या वर वस्ती, आणि फ्रेंच भाषा चालणाऱ्या शहरांत पॅरिसलाही मागे टाकणारे शहर. तरीही ‘यंदा सुट्टीत किन्शासाला जाऊन आलो’ असे सांगणारा माणूस तुम्हाला सहसा भेटणार नाही. पिवळ्या तापाची लस टोचल्याचा दाखला लागतो, सरकारी इमारतीसमोर कॅमेरा काढला तर पोलीस हटकतात, आणि एवढे करून पाहायचे काय, तर किल्ला नाही, राजवाडा नाही, लेणी नाहीत. पण इतिहासाची गोडी असलेल्या माणसाने हे शहर जरूर पाहावे. त्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इथल्या प्रत्येक जागेचे नाव निदान एकदा तरी बदलले आहे, आणि जुने नाव कळल्याशिवाय जागा कळत नाही.

शहराचेच पाहा. काँगो नदी इथे पसरून तळ्यासारखी होते. तिच्या काठावर टेके लोकांची गावे होती, हस्तिदंताचा बाजार भरत असे. १८८१ साली हेन्री स्टॅन्ले इथे आला. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या पदरी तो होता. त्याने ठाणे वसवले आणि धन्याचे नाव दिले, लिओपोल्डव्हिल. पुढे १८८५ पासून १९०८ पर्यंत हा सगळा मुलूख बेल्जियम देशाचा नव्हता, तर त्या एका राजाची खासगी मालमत्ता होता! रबरासाठी तिथे जे अत्याचार झाले त्यांचा बोभाटा युरोपभर झाला, तेव्हा कुठे बेल्जियमच्या सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला.

हे ठाणे इथेच का? कारण इथून खाली, समुद्राच्या बाजूला, नदी धबधब्यांतून कोसळत जाते. तिथे बोट चालत नाही. माल माणसांच्या डोक्यावरून न्यावा लागे. म्हणून मातादी बंदरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरची रेल्वे बांधली. काम १८९० ला सुरू झाले, १८९८ ला संपले. युगांडा रेल्वेवर आपल्याकडचे मजूर गेले होते हे आपण ऐकलेले असते. इथे पश्चिम आफ्रिकेतून माणसे आणली, चीनमधूनही आणली. अधिकृत हिशेबातच सुमारे १८०० मजूर मेले, खरा आकडा याहून मोठा असणार.

आता शहरात फिरू. गोम्बे हा भाग आज दूतावासांचा आणि श्रीमंतांचा. वसाहतीच्या काळात ही गोऱ्यांची वस्ती. दक्षिणेला आफ्रिकी लोकांची वस्ती, आणि दोन्हींच्या मध्ये मोकळा पट्टा राखलेला. प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान, बाजार हे सगळे त्या पट्ट्यात. कारण आरोग्याचे सांगितले जाई. पण रात्री परवान्याशिवाय काळ्या माणसाने गोऱ्यांच्या वस्तीत दिसायचे नाही, हा नियम काही डासांसाठी नव्हता. आज पर्यटक प्राणिसंग्रहालयात जातो तेव्हा तो त्या सीमेवरच उभा असतो, फक्त तशी पाटी तिथे नाही.

तिथून स्टेडियमकडे जावे. मला विचाराल तर किन्शासात एकच जागा पाहायला वेळ असेल तर हीच पाहावी. बेल्जियनांनी बांधले तेव्हा ते राजा बोदुएँचे स्टेडियम होते. ४ जानेवारी १९५९, रविवार. ‘आबाको’ या पक्षाच्या सभेला परवानगी नाकारली होती, लोक चिडले होते. तेवढ्यात फुटबॉलचा सामना संपवून प्रेक्षक बाहेर पडले आणि त्या गर्दीला मिळाले. दंगल उसळली, गोळीबार झाला, अनेक माणसे मेली. दहाच दिवसांच्या आत राजाला स्वातंत्र्याची भाषा बोलावी लागली. दीड वर्षात, ३० जून १९६० ला, देश स्वतंत्र झाला. आदल्या दिवशी राजाची मिरवणूक चालली असता गर्दीतल्या एकाने त्याच्या कमरेची तलवारच पळवली! तो रस्ता आज ‘३० जून’ या नावाने ओळखला जातो. समारंभात राजाने लिओपोल्डचे गोडवे गायले. पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा कार्यक्रमपत्रिकेत नसताना उठले आणि ऐंशी वर्षांचा अपमान त्याला तोंडावर ऐकवला.

पुढची कथा दुःखाची आहे, आणि तिच्यात भारताचाही थोडा भाग आहे. सप्टेंबरात लुमुम्बांना पदावरून दूर केले गेले. ते राजधानीतल्या घरात संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यात होते, आणि संयुक्त राष्ट्रांचे तिथले प्रमुख प्रतिनिधी होते आपले राजेश्वर दयाळ. नोव्हेंबरअखेर लुमुम्बा घरातून निसटले, पकडले गेले, आणि १७ जानेवारी १९६१ ला कटांगा प्रांतात त्यांना गोळ्या घातल्या. नंतर नेहरूंनी काँगोत भारतीय ब्रिगेड पाठवली. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले ते याच मोहिमेत.

सत्ता अखेर लष्करप्रमुख मोबुतू यांच्या हाती गेली. १९६६ ला लिओपोल्डव्हिलचे किन्शासा झाले, १९७१ ला देशाचे झैर झाले. ख्रिस्ती नावे टाका, कोट-टाय घालू नका, असे फर्मान निघाले. (याच शहरातले तरुण पुढे उंची फ्रेंच कोट घालून मिरवू लागले, ही त्याची गंमत.) स्टेडियमला मोबुतूंच्या पक्षाच्या स्थापनेचा दिवस चिकटला, ‘२० मे’. तिथेच ३० ऑक्टोबर १९७४ ला पहाटे चारला मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची लढत झाली. अमेरिकेतल्या लोकांना रात्री टीव्हीवर दिसावी म्हणून ही वेळ! आठव्या फेरीत फोरमन पडला. दोघांना मिळून एक कोटी डॉलर द्यायचे होते. जगात देशाचे नाव झाले, पण तिजोरीचे काय झाले ते निराळे. आज त्या स्टेडियमला ताता राफाएल नावाच्या मिशनऱ्याचे नाव आहे.

लिओपोल्डचा घोड्यावरचा पुतळा मोबुतूंनी हटवला होता. २००५ च्या फेब्रुवारीत एका मंत्र्याने तो पुन्हा चौकात बसवला. त्या राजाची चांगली बाजूही पाहावी, असे त्याचे म्हणणे. काही तासांतच पुतळा उतरवावा लागला. आता तो न्गालिएमा टेकडीवरच्या बागेत, स्टॅन्लेच्या पुतळ्याच्या शेजारपाजारी आहे.

लुमुम्बांचा देह आम्लात विरघळवून टाकला होता. ते काम करणाऱ्या बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने एक दात जवळ ठेवला. २०१६ ला तो जप्त झाला, जून २०२२ मध्ये बेल्जियमने परत केला. शवपेटीतून तो देशभर फिरवला आणि किन्शासाच्या लिमेते भागात एका उंच मनोऱ्यापाशी पुरला. हा मनोरा मोबुतूंच्याच काळातला. ज्यांच्या अटकेत स्वतःचा हात होता त्या लुमुम्बांना त्यांनी १९६६ मध्ये राष्ट्रवीर ठरवले होते. विमानतळावरून शहरात येणारा रस्ता लुमुम्बांच्या नावाचा आहे, आणि तो या मनोऱ्यावरूनच जातो. तिथे वाहतूक बहुधा तुंबलेली असते, त्यामुळे मनोरा नीट पाहायला वेळ मिळतो.