करोडगिरीच्या नाक्यापलीकडची शाळा

सोलापूरच्या पार्क चौकातून मी निदान पन्नास वर्षे ये-जा करीत आहे. नॉर्थकोट हायस्कूलच्या मैदानावर कधी प्रदर्शन भरते, कधी सभा. कडेला ऊस-रसाच्या गाड्या उभ्या असतात. शाळेच्या नावाकडे कोणाचे लक्ष जात नाही. लॉर्ड नॉर्थकोट हे १९०० ते १९०३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. गिरण्यांच्या गावाने त्यांचे नाव इतके पचवून टाकले, की ते एखाद्या माणसाचे नाव असेल अशी शंकाही आता येत नाही. माझ्या मनात मात्र ते नाव आजोबांमुळे रुतून बसले. आजोबा त्या शाळेचे विद्यार्थी. पण त्यांच्याकडून मी जी गोष्ट ऐकली, ती खरे म्हणजे या शाळेची नव्हे. येथून निघालेल्या एका मुलाने पुढे सरहद्दीपलीकडे जाऊन उभ्या केलेल्या शाळेची. त्या दोन शाळांचा इतिहास एकत्र मांडलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा खटाटोप.

प्रथम नॉर्थकोटविषयी. १८८२ च्या हंटर आयोगाने सरकारला सल्ला दिला होता, की माध्यमिक शिक्षण हळूहळू खाजगी संस्थांच्या हाती सोपवावे; सरकारने आपल्याकडे एखादी नमुन्याची शाळा ठेवली म्हणजे पुरे. त्यामुळे जिल्ह्याच्या गावी एक सरकारी हायस्कूल असे आणि त्याचा रुबाब काही औरच असे. सोलापूर १८३८ मध्ये जिल्हा झाले, १८६४ मध्ये ते मोडले, १८६९ मध्ये पुन्हा झाले. १८६० मध्ये आगगाडी आली आणि १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. कापूस, आगगाडी आणि कचेरी ही तीन चाके फिरू लागली तेव्हा त्यांना लिहिते-वाचते हात हवे होते. ते हात सरकारी हायस्कूल पुरवी. अर्थात सगळेच कारकून झाले नाहीत. वालचंद हिराचंद याच शाळेतून १८९९ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुढे त्यांनी आगबोटी, विमाने, मोटारी यांचे कारखाने काढण्याची हिंमत धरली. परंतु असा विद्यार्थी शतकात एखादा. शाळेचे नित्याचे काम म्हणजे मॅट्रिकचे सर्टिफिकेट, आणि ते ती चोख करी.

आता सरहद्द. आजच्या मुलांना हे सांगावे लागते, की सोलापूरहून तुळजापूरला देवीच्या दर्शनास निघालेला माणूस वाटेत परक्या राज्यात शिरत असे. अंतर पंचेचाळीस किलोमीटर. पण मध्ये निजामाची हद्द, आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. गाठोडे सोडून दाखवावे लागे. पलीकडे हाली रुपया चाले, अलीकडे कलदार. सात हालीला सहा कलदार, असा साधारण हिशेब. आजोबा नळदुर्गाकडचे. १९१६ साली, अकराव्या वर्षी, त्यांच्या वडिलांनी त्यांना सोलापुरास आणून सोडले. वर्षाच्या फीसाठी जे हाली रुपये जमवले होते, ते सावकाराच्या पेढीवर कलदार करताना सातातला एक कमी झाला. तो गेलेला सातवा रुपया आजोबा मरेपर्यंत विसरले नाहीत. जेवणासाठी सात घरी सात वार लावले होते. एका घरी वाढताना रोज 'तुमच्याकडे शाळा नाहीत का रे?' असे विचारीत, आणि याला उत्तर देता येत नसे.

शाळा होत्या, नव्हत्या असे नाही. पण त्या कोणासाठी होत्या हा प्रश्न होता. निजामाच्या संस्थानात अर्धी प्रजा तेलुगू बोलणारी, पाव मराठी, सुमारे दहावा हिस्सा कानडी. उर्दू ही मातृभाषा असणारे आणखी एक दशांश. तरी खालच्या इयत्ता संपल्या की पुढील शिक्षण उर्दूत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमातून. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते पहिले विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि एका अर्थी ते योग्यही होते. इंग्रजीखेरीज शास्त्रे शिकवताच येत नाहीत हा भ्रम त्याने मोडला. परंतु औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील कुणब्याच्या पोराला उर्दू ही इंग्रजीइतकीच परकी. त्यात खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी हवी, आखाडा काढायचा तरी हवी, आणि सभा भरवायची तर 'गश्ती निशाण ५३' आडवे येई. ज्याला ऐपत होती त्याने पोराला हद्द ओलांडून सोलापुरास, पुण्यास पाठवले. ज्याला नव्हती त्याच्या पोराने गुरे राखली.

१९२० साली आजोबा नॉर्थकोटच्या वरच्या वर्गांकडे सरकत होते. १ ऑगस्टला टिळक गेले आणि त्याच दिवशी असहकाराचे पर्व सुरू झाले. सरकारी शाळांवर बहिष्कार हे त्याचे एक कलम. काही मुले शाळा सोडून गेली. त्यांत एक होता व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. टिळकांच्या मृत्यूने हादरून त्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचे काम करण्याची प्रतिज्ञा केली आणि सरकारी शाळेकडे पाठ फिरवली. पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्याचे शिक्षण झाले.

आजोबा शाळेत राहिले. मॅट्रिक झाले, एका गिरणीत कारकून लागले, भोंग्यावर उठले आणि भोंग्यावर निजले. 'त्या वर्षी वर्गातली काही बाके मोकळी झाली. माझे भरलेले राहिले,' एवढेच ते बोलत. त्यात पश्चात्ताप होता की सफाई, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ज्याच्या बापाने शेताचा तुकडा गहाण टाकून फी भरली, त्याने बाक मोकळे करावे अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

शाळा सोडणाऱ्यांचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय शाळांची आपल्याकडची कथा फारशी सुखाची नाही. तळेगावचे समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. असहकाराच्या लाटेत निघालेल्या शाळांपैकी बहुतेक लाट ओसरताच सुकल्या. त्यांना सरकारने मारले असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते पालकांनी मारले. शेजारीच मराठी मुलांना मॅट्रिक करणारे हायस्कूल उभे असताना, सर्टिफिकेट न देणाऱ्या शाळेत मुलगा किती दिवस ठेवणार? निजामाच्या मुलखात मात्र गणित उलटे होते. तेथे शेजारी दुसरी मराठी शाळाच नव्हती. म्हणून उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ साली निघालेली राष्ट्रीय शाळा तग धरून राहिली.

खेडगीकर या शाळेत १९२९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून आले. मधल्या काळात त्यांनी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केले होते आणि प्रकृती खालावल्याने ते सोडावे लागले होते. हिप्परग्याच्या काळातच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगव्या कपड्यातला, इंग्रजी राज्यशास्त्र वाचलेला, मजूर संघटनेचा अनुभव असलेला हेडमास्तर! तेव्हाच्या मराठवाड्यात असा दुसरा सापडला नसता. शिक्षक मुलांबरोबर राहत, पगार म्हणजे पोटापुरते. वाचन, व्यायाम आणि सूत यांना सारखाच मान.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे काही सहकारी हिप्परगा सोडून मोमिनाबादेस आले. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई. कागदोपत्री हे नाव, लोकांच्या तोंडी ते. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची जुनी छावणी असलेले हे गाव. पण त्याहून जुनी ओळख मराठीची. मुकुंदराजांची समाधी येथे. दासोपंतांनी चाळीस हात लांब आणि चार हात रुंद कापडावर लिहिलेली पासोडी येथे. कोकणस्थांच्या कित्येक घरांची कुलस्वामिनी योगेश्वरी येथे. ज्या गावात मराठी ग्रंथरचनेची एवढी जुनी परंपरा, त्याच गावच्या मुलांना मराठीतून पुढे शिकण्याची पंचाईत! तेथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा स्वामीजींनी घेतली.

मला येथे थांबून विचार करावासा वाटतो. सतराव्या वर्षी ज्याने इंग्रज सरकारच्या हायस्कुलाला रामराम ठोकला, तोच बत्तिसाव्या वर्षी निजामाच्या शिक्षण खात्याच्या नजरेखाली, त्याच्या परवान्यांच्या आणि तपासनिसांच्या जगात हायस्कूल चालवू लागला. मग असहकार कोठे गेला? काही जण याला तडजोड म्हणतील. मला त्यात शहाणपण दिसते. खेड्यातली शाळा कितीही तेजस्वी असली तरी मूठभर मुलांपुरती. बाजाराच्या, कचेरीच्या, देवस्थानाच्या गावातली शाळा आसपासच्या तालुक्यांची होते. आणि संस्थानातील मराठी मुलाला केवळ देशभक्ती नको होती, त्याला परीक्षाही हवी होती. ब्रिटिश हद्दीतील राष्ट्रीय शाळांनी न पाहिलेली ही गोष्ट स्वामीजींनी पाहिली. हिप्परग्याची शिस्त त्यांनी मोठ्या गावात आणली. तीन वर्षांत योगेश्वरीचे नाव मराठवाडाभर झाले.

तीन वर्षे! शाळेच्या आयुष्यात हा काळ किती थोडा, हे ज्याने मास्तरकी केली आहे तोच जाणे. मी स्वतः बत्तीस वर्षे केली. एका पडत्या शाळेत माझी बदली झाली होती; तीन वर्षे तर हजेरीपत्रके जुळवण्यातच गेली. म्हणून १९३८ ची हकीकत वाचताना माझ्यातला मास्तर कळवळतो. १९३७ मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषद भरली, पुढल्या वर्षी लातूरला. आणि स्वामीजी हळूहळू वर्गातून परिषदेकडे ओढले गेले. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी नानलांची. पाठोपाठ स्वामीजी तुरुंगात गेले. आयुष्यात त्यांनी शाळा दुसऱ्यांदा सोडली. पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून, आता मुख्याध्यापक म्हणून. पहिल्या वेळी मागे राहिलेली शाळा सरकारी होती, तिला काडीचा फरक पडला नाही. या वेळी मागे होती ती त्यांनी आपल्या हातांनी वळणावर आणलेली, आणि हेडमास्तर राजबंदी झाल्यावर खात्याची वक्र नजर झेलणारी.

ती पडली नाही. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी गावात मुळे धरून होते. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत बीडमधून निवडून गेले ते हेच परांजपे. स्वामीजींचे मोठेपण सांगताना आपण तुरुंगवास मोजतो. मी तर असे म्हणेन, की तीन वर्षांत त्यांनी आपल्यावाचून चालणारी शाळा करून ठेवली, हेच अधिक अवघड काम होते. आमच्या धंद्यात नाव काढलेल्या कित्येक मुख्याध्यापकांच्या शाळा त्यांच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

सोलापूरही या काळात स्वस्थ नव्हते. १९३८ च्या डिसेंबरात आर्य समाजाची परिषद लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरली आणि हैदराबादच्या सत्याग्रहाची छावणी येथे पडली. त्याच ओघात लाहोरच्या डी. ए. व्ही. मंडळींनी १९४० मध्ये येथे दयानंद कॉलेज काढले. म्हणजे पलीकडच्या झगड्याने अलीकडच्या गावाला कॉलेज मिळवून दिले! आम्हा सोलापूरकरांना हे ऋण सहसा आठवत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी जनरल चौधरींचे सैन्य सोलापूरकडूनच नळदुर्गाच्या रस्त्याने आत शिरले. आजोबा त्या दिवशी गिरणीत कामावर होते. पाच दिवसांत संस्थान शरण आले.

स्वामीजी लोकसभेत गेले, १९५० मध्ये नांदेडला शिक्षणसंस्था आणि पीपल्स कॉलेज त्यांनी उभे केले; २२ जानेवारी १९७२ रोजी ते वारले. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि १९९४ मध्ये निघालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. नॉर्थकोटच्या शाळेत त्यांच्या नावाचे काय आहे, हे विचारायला मी एकदा फाटकापर्यंत गेलो होतो. सुट्टीचा दिवस होता; मैदानावर मुले क्रिकेट खेळत होती, चेंडू माझ्याकडे आला, तो परत फेकला आणि घरी आलो.

आजोबांची ट्रंक माझ्याकडे आहे. तिच्या तळाशी त्यांचे मॅट्रिकचे सर्टिफिकेट घडी घालून ठेवलेले सापडले. घडी उलगडली तेव्हा आतून एक रुपया घरंगळला. चारमिनारचा छाप असलेला, हाली. कोठल्या पेढीने तो नाकारला, की आजोबांनीच तो बदलून घेतला नाही, हे विचारायला आता कोणी नाही. मी तो होता तसा घडीत घालून ठेवला आहे.