दळणाऱ्याचं आडनाव

ऋग्वेदाचा विषय निघाला की आजोबा ‘मोक्षमुल्लर भट्ट’ हे नाव फार आदरानं घेत. लहानपणी मला ते काशीकडचे कुणी शास्त्रीबुवा वाटायचे. पुढे पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला गेले आणि पहिल्याच महिन्यात कळलं, की भट्टजी म्हणजे हेच मॅक्स म्युलर, आणि त्यांच्या आडनावाचा अर्थ पीठ दळणारा. घरी येऊन सांगितलं. आजोबा गप्प राहिले. आजी मात्र माजघरातल्या जात्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे आपल्यातलाच की गं!”

आजीनं सासरी आल्यापासून गावात गिरणी येईपर्यंत पहाटे उठून दळलं होतं. खुंट्यानं तळहाताला पडलेले घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. जात्याचे दात बोथट झाले की टाकी लावायला माणूस यायचा; त्या दिवसाच्या भाकरीत कच लागायची, हे ती अजून दाताखाली आल्यासारखं सांगायची. एवढं दळूनही या कामाचं आडनाव आमच्याकडे कुणाला लागलं नाही. दळण बायकांचं होतं, आणि बायकांच्या कामाची आडनावं होत नसत.

लग्नानंतर जर्मनीत ट्युबिंगेनजवळच्या एका खेड्यात राहायला गेले. घरमालकीणबाईंच्या दारावर पाटी होती, ‘म्युलर’. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना रीतीप्रमाणे फ्राऊ म्युलर म्हणायची, पण मनात आजीच. त्यांच्या सासरचे लोक खरोखरीचे गिरणीवाले होते. ओढ्याकाठची दगडी इमारत अजून उभी होती, अंगणात जात्याची दोन तळी रोवलेली होती, एकेक पुरुषभर रुंदीची. मी आजीच्या जात्याचं वर्णन केलं तेव्हा त्या उठून बाहेर गेल्या आणि तळीवरच्या खाचांतून बोट फिरवत म्हणाल्या, “आमच्याही दगडांना टाकी लावावी लागे.”

जर्मन मुलखातही आधी हाताचं जातंच होतं. त्याला जुन्या जर्मनमध्ये ‘क्विर्न’ म्हणत. हा शब्द आणि ऋग्वेदातला सोम ठेचायचा दगड, ‘ग्रावन्’, हे दोन्ही एकाच मुळातून आलेले. मग रोमन लोकांबरोबर पाणचक्की आली, आणि तिच्याबरोबर लॅटिन ‘मोलिना’ हा शब्द. त्याचीच जर्मनमध्ये ‘म्युले’ झाली, आणि ती चालवणारा तो म्युलर. हातातलं काम पाण्यावर गेलं तेव्हा तो पुरुषाचा धंदा झाला, आणि धंद्याचं आडनाव झालं. म्हणून मी तरी म्युलर हे पाण्यानं दिलेलं आडनाव समजते.

कायमची आडनावं तिकडे बाराव्या शतकापासून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या शहरांत रुजू लागली. खेड्यांत पोचायला आणखी काही शतकं गेली. गावात तीन हान्स असले तर ओळख पटायची कशी? गिरणीवाला हान्स. गावोगाव गिरणी, म्हणून गावोगाव स्वतंत्रपणे हे नाव पडलं. सगळे म्युलर एका कुळातले नाहीत. उत्तरेत त्याचं म्योलर झालं, बव्हेरियाकडे मिलर, आणि लॅटिन शिकलेल्यांनी मोलिटोर करून घेतलं. आज जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच. त्याच्यामागे श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर, म्हणजे लोहार, शिंपी, कोळी, विणकर.

पण या नावाला एक डाग होता. फ्राऊ म्युलरच्या सासूबाई त्यांना सांगत, की जुन्या काळी गिरणीवाल्याच्या पोराला दुसऱ्या धंद्याच्या संघात घेत नसत. हे खरं आहे. गिरणी बहुधा जमीनदाराची असे आणि कुळांनी तिथेच दळावं अशी सक्ती असे. दळणावळ धान्यातच कापून घेत, अनेक ठिकाणी सोळावा हिस्सा. पोतं आत जायचं, पीठ बाहेर यायचं, मध्ये काय झालं ते शेतकऱ्याला दिसत नसे. संशय धन्यावर न जाता दळणाऱ्यावर गेला. 1548 च्या आणि पुन्हा 1577 च्या साम्राज्याच्या फर्मानात सांगावं लागलं, की गिरणीवाल्यांच्या मुलांना संघांत मज्जाव करू नये. एकोणतीस वर्षांनी तेच पुन्हा सांगावं लागतं, याचा अर्थ पहिलं कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या मते हा त्या लोकांवर झालेला मोठा अन्याय होता.

न्यायाची एक गोष्टही त्याच जागेतून निघाली. आइके फॉन रेपगोनं तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सॅक्सनीचे कायदे लिहून काढले, त्यात नियम आहे: गिरणीवर जो आधी येईल त्याचं दळण आधी. रांगेत उभी असलेली जर्मन माणसं आजही तेच म्हणतात.

फ्राऊ म्युलरना सगळ्यात जास्त आठवायची ती घंटा. चाड्यातलं धान्य संपत आलं की एक छोटी घंटा आपोआप वाजे. दगडावर दगड कोरडा फिरला तर ठिणग्या उडतात, आणि गिरणीत पिठाची धूळ भरलेली. घंटा वाजली की रात्री कुठल्याही प्रहरी सासरे उठत. 1957 च्या कायद्यानं छोट्या गिरण्या बंद करणाऱ्यांना भरपाई मिळू लागली, पुन्हा दळायचं नाही या अटीवर. सासऱ्यांनी सही केली. त्यानंतर कित्येक महिने ते रात्री उठून बसायचे, असं त्या सांगत. आवाज नसल्यामुळे जाग यायची.

आणि आमचे भट्टजी? त्यांच्या घरात दळणारं कुणी नव्हतं. त्यांचे वडील विल्हेल्म म्युलर देसाऊचे कवी. गिरणीवाल्याच्या सुंदर मुलीवरची त्यांची गीतमाला शूबर्टनं 1823 साली संगीतबद्ध केली, आणि त्याच वर्षी मॅक्स जन्मला. मॅक्सचे आजोबा मात्र शिंपी. नाव दळणाऱ्याचं, हातात सुई. म्युलर फार झाले म्हणून मुलानं ‘मॅक्स’ हे आपलं नाव आडनावाला जोडून घेतलं, आणि सायणभाष्यासह ऋग्वेद छापताना स्वतःला ‘भट्ट मोक्षमूलर’ लिहिलं. 1897 मध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर याच म्युलरची सही होती. त्यांनी टिळकांना ऋग्वेदाची आपली दुसरी आवृत्तीही पाठवली. हे कळलं तेव्हा माझे आजोबा इतक्या आदरानं ते नाव का घेत, ते मला उमगलं.

जर्मनीत 1994 पासून पेंटेकोस्टनंतरच्या सोमवारी गिरणी दिन पाळतात. त्या दिवशी देशभरातल्या जुन्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्या लोकांसाठी उघड्या असतात. मे-जूनमध्ये तिकडे असाल तर एखाद्या गिरणीत जरूर जा, आणि चाड्याजवळची ती घंटा दाखवायला सांगा.