एका शिळेवरचे दोन इतिहास

मध्य आशियातील तुर्क आणि सोग्दी लोकांचा इस्लामपूर्व इतिहास शोधू गेलो, की आपल्याला चीनच्या दरबाराचे दप्तर उघडावे लागते. इ. स. पू. दुसऱ्या शतकात हान सम्राट वू याने झांग च्यान या वकिलाला पश्चिमेकडे धाडले. श्योंग्नू टोळ्यांच्या कैदेत सुमारे दहा वर्षे काढून तो फरगाना आणि बॅक्ट्रियापर्यंत पोहोचला. त्याची हकीकत सिमा च्यानच्या 'शिजी' या ग्रंथात आली. उत्तर भारतावर राज्य करणाऱ्या कुषाणांचे मूळ युएझी टोळ्यांत होते, हेही आपल्याला चिनी इतिहासांतूनच कळते. सातव्या शतकातील यात्रेकरू ह्युएनत्संगाच्या ज्या ग्रंथात समरकंदचे वर्णन आहे, त्याच ग्रंथात पुलकेशीच्या महाराष्ट्राचेही आहे.

पण दरबारी दप्तर दरबाराच्या सोयीने लिहिले जाते. घोडे किती, सैन्य किती, नजराणा कोणाचा, एवढ्यावर कारकुनाची नजर. 'श्योंग्नू' हे नाव चिनी लिपीत लिहिताना शेवटी जे अक्षर येते, त्याचा अर्थच 'गुलाम' असा आहे. मग अशा साधनांवर विश्वास ठेवावा कितपत?

याचे उत्तर मंगोलियातील ओर्खोन खोऱ्यात उभे आहे. तुर्क सरदार कुल तेगीन याच्या स्मरणार्थ इ. स. 732 मध्ये उभारलेल्या शिळेवर एका बाजूला चिनी लेख आहे. त्यात तांग सम्राटाने मैत्रीचे गोडवे गायले आहेत. उरलेल्या बाजूंवरचा तुर्की लेख मात्र आपल्या लोकांना बजावतो, की चिन्यांच्या गोड बोलण्याला आणि मऊ रेशमाला भुलू नका. शिळा एक, इतिहास दोन! डेन्मार्कचे थॉमसन यांनी 1893 मध्ये ही लिपी वाचली नसती, तर आपल्यापर्यंत केवळ सम्राटाची बाजू आली असती.

तरीही परक्याचे लिखाण सरसकट खोटे म्हणून फेकून देता येत नाही. इ. स. 751 मध्ये तलसच्या लढाईत अब्बासी फौजेने तांग सैन्याचा पराभव केला. त्यात कैद झालेला दू ह्वान 762 मध्ये मायदेशी परतला. त्याचा ग्रंथ हरवला, पण त्याचा आप्त दू यौ याने आपल्या ज्ञानकोशात त्यातील उतारे जपले. मुसलमान दिवसातून पाच वेळा नमाज पढतात, मद्य वर्ज्य मानतात, असे हा युद्धकैदी आकस न ठेवता लिहितो. कुफा शहरात भेटलेल्या चिनी चित्रकारांची आणि विणकरांची नावेही तो देतो. कागद करणाऱ्यांचा उल्लेख मात्र त्या उताऱ्यांत नाही.

तलसच्या कैद्यांनी समरकंदला कागद दिला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगत आलो. ती अकराव्या शतकातील सआलिबी या लेखकाकडून आली. उलट सोग्दी व्यापाऱ्यांची कागदावरची पत्रे चौथ्या शतकाच्या आरंभीची आहेत. म्हणजे दप्तर परक्याचे असो वा दंतकथा आपली, पारखून घेणे दोन्हीकडे आलेच. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला, त्यांनी तर ही सवय आधी लावून घ्यावी.