नांगरासाठी आलेली जीप : कांदिवलीतील दोन वाहनांचा इतिहास

(१) मंडळी, ‘जीप’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस, पुढारी किंवा तालुक्याच्या गावी खच्चून भरलेले वडाप उभे राहते. परंतु युद्धानंतर ही गाडी नागरी बाजारात आली ती मुख्यतः शेतकऱ्याचे अवजार म्हणून. या अवजाराचा भारतीय अध्याय मुंबईच्या उपनगरात लिहिला गेला. आजचा धागा त्याविषयी.

(२) १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना गती देणारी टेहळणीची गाडी हवी होती. बँटम या लहान कंपनीने पहिला नमुना दिला. मोठ्या संख्येने उत्पादन मात्र विलिस आणि फोर्ड यांनी केले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या होत्या. प्रश्न उरला तो असा, की शांततेच्या काळात हा कारखाना काय करणार?

(३) विलिसचे उत्तर होते शेती. १९४५ मध्ये ‘सीजे-२ए’ ही नागरी जीप बाजारात आली. इंजिनाची शक्ती बाहेरच्या यंत्राला पुरविणारी पीटीओची सोय तीस जोडता येई. सकाळी नांगरट, दुपारी मळणीयंत्र किंवा पंप, संध्याकाळी माल घेऊन बाजार, अशी सारी कामे एकच गाडी करील, असा जाहिरातींचा सूर होता. १९४८ मध्ये इंग्लंडात अवतरलेली लँड रोव्हर याच कल्पनेची धाकटी बहीण.

(४) आता मुंबई. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले.

(५) कैलाशचंद्र युद्धकाळात अमेरिकेत होते आणि जीपचे गुण त्यांनी तेथेच हेरले होते. सुटे भाग आणून गाड्यांची जुळणी माझगावात सुरू झाली. पुढे हा पसारा कांदिवलीस गेला. तेव्हाची कांदिवली म्हणजे साष्टी बेटावरील भातशेतीचा मुलूख. १९५७ च्या विस्तारापर्यंत ती बृहन्मुंबईच्या हद्दीतही नव्हती. कारखान्याला लागणारी मोकळी जागा आणि रेल्वे, दोन्ही तेथे होती.

(६) मग आपल्या शेतकऱ्याने जीपने नांगरले का? फारसे नाही. कारण यंत्रशास्त्रात आहे तसेच अर्थशास्त्रातही. काळ्या चिकणमातीत खोल नांगरट करायची तर लोखंडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. तेथे हवी मोठ्या चाकांची पकड, जड अंग आणि संथ पण अखंड ओढ. जीपचे वजन साधारण एक टन, चाके लहान, इंजिन पेट्रोलवर चालणारे. चिखलातून बाहेर पडण्यात ती पटाईत, पण दिवसभर फाळ ओढणे हा तिचा धर्म नव्हे. शिवाय एकरा-दोन एकरांच्या तुकड्यांवर पेट्रोल जाळणे कोणाला परवडणार?

(७) तरीही जीप खेड्यात पोहोचली, ती सरकारच्या हाताने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली. बियाणे, खते, लसीकरण, विहिरींची कर्जे घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याला पक्की सडक नसलेल्या गावी जायचे होते. तेथे जीपला पर्याय नव्हता. गावकऱ्यांच्या लेखी ‘जीप आली’ याचा अर्थ ‘सरकार आले’ असा झाला. शेताचे अवजार म्हणून नागरी बाजारात आलेली गाडी अशा रीतीने सत्तेची खूण बनली.

(८) नांगराचा प्रश्न सुटला तोही कांदिवलीतच. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ उभी राहिली. तिचा बी-२७५ हा सुमारे ३५ अश्वशक्तीचा डिझेल ट्रॅक्टर. मूळ रचना ब्रिटनमधली. जीपला न जमलेली कामे त्याने पेलली. नांगरट झाली की मागे ट्रॉली जोडून ऊस साखर कारखान्यावर नेणे, हेही त्याच्याच वाट्याला आले. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली.

(९) म्हणजे अमेरिकेत एकाच गाडीला दिलेली दोन कामे भारतात दोन वाहनांनी वाटून घेतली : जीपने रस्ता घेतला, ट्रॅक्टरने शेत. पुढे डिझेल इंजिन आले, लांब बांध्याच्या गाड्या आल्या आणि एस. टी. न पोहोचणाऱ्या वाड्यावस्त्यांत जीप प्रवासी वाहू लागली. सरकारची गाडी हळूहळू रयतेची झाली.

(१०) या कथेला एक दुखरी कडाही आहे. साऱ्या देशाची शेते नांगरणारी यंत्रे जेथे घडली, त्या भूमीवरची शेती मात्र याच दशकांत संपली. कारखान्यांनी रोजगार दिला, रोजगारामागून वस्ती आली, वस्तीमागून जमिनीचे भाव चढले. अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, भातखाचरे चाळींखाली आणि मग मनोऱ्यांखाली गेली. साष्टीच्या भूमिपुत्र शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेण्याची वेळ येण्याआधीच त्याचे शेत गेले. आज आकुर्ली मार्गाच्या परिसरात ‘ठाकूर व्हिलेज’ आहे. त्यात गाव उरले आहे ते नावापुरते.

(११) यंत्रांचा इतिहास वाचताना ‘ते कशासाठी बनले’ एवढेच विचारून थांबू नये. ‘लोकांनी त्याचे काय केले’ आणि ‘ते जेथे बनले त्या जागेचे काय झाले’ हेही विचारावे. तुमच्या गावात पहिली जीप किंवा पहिला ट्रॅक्टर कोणी आणला होता? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली अवश्य लिहा.