मुंबईचें गव्हर्नमेंट लॉ कॉलेज व कायद्याच्या पोथ्या

मुंबईचें गव्हर्नमेंट लॉ कॉलेज इ. स. १८५५ मध्यें सुरू झालें. मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना त्यानंतर दोन वर्षांनीं, १८५७ सालीं झाली. तेव्हां ज्या विद्यापीठाच्या परीक्षांसाठीं तेथें पुढें विद्यार्थी तयार होऊं लागले, त्याहून हें कॉलेज वयानें वडील आहे. त्याचा वृत्तांत तेथून बाहेर पडलेल्या न्यायमूर्तींच्या व पुढाऱ्यांच्या नामावळीनें सांगण्याची वहिवाट आहे. नामावळी मोठी आहे यांत शंका नाहीं. परंतु हस्तलिखितांचा व्यासंग करणाऱ्यांस त्या संस्थेची निराळीच एक हकीकत अधिक महत्त्वाची वाटेल. इंग्रजी पद्धतीचा कायदा इंग्रजींतून शिकविण्यासाठीं जी शाळा निघाली, तिच्याच दोन अध्यापकांनीं कायद्याच्या मूळ पोथ्या ताडून प्रसिद्ध केल्या. एक महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे व दुसरे आसफ अली असगर फैजी.

कॉलेजाचें मूळ सर अर्स्किन पेरी यांच्या नांवाशीं निगडित आहे. पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. बोर्ड ऑफ एज्युकेशनचें अध्यक्षपदही त्यांजकडे होतें, व उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें या मताचे ते कट्टे पुरस्कर्ते होते. देशी भाषांच्या वतीनें जगन्नाथ शंकरशेट यांनीं त्यांच्याशीं केलेला वाद प्रसिद्धच आहे. १८५२ सालीं पेरी निवृत्त झाले, तेव्हां लोकांनीं वर्गणी जमवून त्यांच्या नांवें न्यायशास्त्राचें अध्यापकपद निर्माण केलें. तेंच या कॉलेजाचें बीज होय.

पेरींचा एक निकाल येथें सांगितला पाहिजे. खोजा व मेमन कुटुंबांतील मुलींनीं कुराणाप्रमाणें बापाच्या मिळकतींत वांटा मागितला. उलटपक्षीं जातीच्या रूढीनें मुलींस वांटा मिळत नाहीं असें सांगण्यांत आलें. १८४७ सालीं पेरींनीं रूढि प्रमाण मानली. ग्रंथ काय म्हणतो यापेक्षां लोक काय करतात हें पाहावें, असा हा निर्णय. त्यांतील न्यायान्यायाचा विचार येथें करण्याचें कारण नाहीं. परंतु ग्रंथ एका बाजूस सारतां येतो ही गोष्ट पेरींच्या न्यायासनावरून अशी ठरली होती.

त्या काळीं अदालतींतून हिंदु पक्षकारांच्या बाबतींत शास्त्र्यांस व मुसलमान पक्षकारांच्या बाबतींत काजींस प्रश्न विचारण्याची पद्धत होती. १८६४ च्या ११ व्या आक्टानें हीं पदें बंद झालीं. शास्त्री गेला, त्याच्याबरोबर पोथीही न्यायालयाबाहेर गेली. उरलीं तीं इंग्रजी भाषांतरें व मागील निवाडे. सुदैवानें रेमंड वेस्ट व गेओर्ग ब्यूलर या दोघांनीं मुंबई इलाख्यांतील निरनिराळ्या कोर्टांत शास्त्र्यांनीं दिलेलीं उत्तरें एकत्र करून १८६७ पासून आपला 'डायजेस्ट' छापला. त्यांत प्रश्न, उत्तर, गांव, तारीख व आधारवचनें दिलीं आहेत. शास्त्री चुकला असें वाटलें तर संपादक तसें स्पष्ट लिहितात. तरीही शास्त्र्यांच्या विद्येचें इतकें मोठें दप्तर छापून निघालेलें दुसरें क्वचितच सांपडेल.

पोथी दूर झाल्यानें काय बिघडतें हें एका उदाहरणानें दाखवितों. पुत्रहीन पुरुष मरण पावला; जवळचें कोणी नाहीं; एक बहीण आहे व एक दूरचा भाऊबंद आहे. मिळकत कोणाची? मिताक्षरेंत बहिणीचें नांव नाहीं. म्हणून नंदपंडित व बाळंभट्ट यांनीं 'भ्रातरः' या एकाच शब्दांत एकशेषानें बहिणींचाही समावेश करून पाहिला. नीलकंठभट्टाचा मार्ग याहून सरळ आहे. विवाहानें बहिणीचें गोत्र पालटलें तरी तिचा जन्म भावाच्याच गोत्रांतला. म्हणून ती सगोत्र नसली तरी 'गोत्रज' आहे, असें म्हणून व्यवहारमयूखांत त्यानें तिला आजीच्या पाठोपाठ स्थान दिलें. नीलकंठ हा पैठणाहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतला, नारायणभट्टाचा नातू. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण या भागांत मयूख मिताक्षरेहून वरचढ मानला जात असे, व मुंबईच्या न्यायालयांनीं बहिणीचा हक्क मान्य केला. इतरत्र मिताक्षरा मानणाऱ्यांत तिला ठरीव स्थान मिळण्यास १९२९ चा कायदा व्हावा लागला. एका बहिणीचें घर राहतें कीं जातें हें 'गोत्रज' या तीन अक्षरी शब्दाच्या अर्थावर ठरत होतें. मग तो शब्द जेथें आहे ती पोथी शुद्ध असली पाहिजे, हें सांगावयास नको.

व्यवहारमयूखाचें भाषांतर बोराडेल यांनीं १८२७ मध्यें केलें होतें. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं १८८० मध्यें मूळ व भाषांतर छापलें. काणे १९१७ ते १९२३ या काळांत लॉ कॉलेजांत अध्यापक होते व उच्च न्यायालयांत वकिलीही करीत. संस्कृत आणि कायदा हे दोन्ही विषय ज्याच्या हातीं सारखेच खेळतात असा माणूस विरळा. त्यांनीं पाठभेद, टिपा व विस्तृत प्रस्तावना यांसह संपादिलेला मयूख १९२६ सालीं पुण्याच्या भांडारकर संस्थेनें प्रसिद्ध केला. या ग्रंथाला धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडक्यांत इतिहास जोडावा असा त्यांचा विचार होता. तो इतिहास कसा वाढत गेला हें सर्वश्रुत आहे: पहिला खंड १९३० सालीं निघाला व पांचवा पुरा होण्यास १९६२ साल उजाडलें. एका पोथीच्या प्रस्तावनेचें असें बाळसें दुसरीकडे कोठें पाहण्यांत नाहीं.

१९३५ ते १९३८ पर्यंत डॉ. भीमराव आंबेडकर कॉलेजाचे प्राचार्य होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहाचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तो येथें सोडतों.

त्यांच्यानंतर १९३८ ते १९४७ फैजी प्राचार्य झाले. ते सुलेमानी बोहरा घराण्यांतले. न्यायालयांत शिया कायदा म्हणून जो चाले तो इस्ना-अशरी पंथाच्या ग्रंथांतला. इस्माइली बोहऱ्यांचा प्रमाणग्रंथ निराळा. तो म्हणजे फातिमी खलिफांचा काजी नुअमान (मृत्यु इ. स. ९७४) याचा 'दआइम-उल्-इस्लाम'. त्याच्या प्रती बोहऱ्यांच्या घरांत जपून ठेवलेल्या असत व परक्याच्या हातीं सहसा पडत नसत. फैजींनीं १९३३ मध्यें त्यांतील मृत्युपत्रांचें प्रकरण भाषांतरासह प्रसिद्ध केलें, आणि पुढें संपूर्ण ग्रंथ दोन खंडांत कैरो येथें छापून घेतला. पहिला खंड १९५१ सालीं निघाला. ज्या पेरींनीं ग्रंथ बाजूस सारून रूढि उचलली, त्यांच्याच नांवाच्या अध्यापकपदावर बसलेल्या गृहस्थानें रूढीच्या व भाषांतरांच्या खालीं दडलेला ग्रंथ वर काढला, ही गोष्ट नजरेंत भरण्यासारखी आहे. फैजींनीं आपलीं इस्माइली हस्तलिखितें १९५७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास दिलीं. त्यांची वर्णनात्मक सूचि १९६५ सालीं निघाली. घरीं जपलेल्या पोथ्यांचा असा शेवट व्हावा असें कोणाही संग्राहकास वाटेल; प्रत्यक्षांत वांटणींत पोथीचीं पानेंही वांटलीं जातात.

आतां संग्राहकांस एक विनंति. जुन्या शास्त्री घराण्यांच्या दप्तरांत कोर्टाच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांचे खर्डे असण्याचा संभव आहे. १८६४ पूर्वींचे असे कागद कोणाजवळ असल्यास ते कुळाच्या हिशेबांत न मिसळतां निराळे ठेवावे, व त्यांत उतरलेलीं मयूखाचीं वचनें काण्यांनीं नोंदलेल्या पाठांशीं लावून पाहावीं. शास्त्र्यापुढें असलेली पोथी कोणत्या पाठाची होती, हें या खर्ड्यांवरून कळण्यासारखें आहे.