युवा संसद : प्रश्न कोणाला विचारायचा, याचे शिक्षण

संसदीय लोकशाहीची कार्यपद्धती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कृतीतून समजावी, या हेतूने केंद्रीय संसदीय कामकाज मंत्रालयाच्या वतीने ‘युवा संसद’ हा उपक्रम राबविण्यात येतो. मुंबई येथे १९६२ साली भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने त्याची शिफारस केली होती. त्यानुसार १९६६-६७ मध्ये दिल्लीतील शाळांसाठी स्पर्धा सुरू झाली. पुढे केंद्रीय विद्यालये, जवाहर नवोदय विद्यालये आणि विद्यापीठांपर्यंत तिचा विस्तार झाला. इतर शिक्षणसंस्थांनाही सहभागी होता यावे, यासाठी २६ नोव्हेंबर २०१९ रोजी, संविधान दिनी, राष्ट्रीय युवा संसद योजनेच्या संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या गटास ‘किशोर सभा’ आणि महाविद्यालयीन गटास ‘तरुण सभा’ असे नाव आहे.

या बैठकीत विद्यार्थीच अध्यक्ष, पंतप्रधान, मंत्री आणि विरोधी पक्षनेता यांच्या भूमिका पार पाडतात. शपथविधी, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तराचा तास आणि विधेयकावरील चर्चा यांचा कामकाजात समावेश असतो.

यांपैकी प्रश्नोत्तराचा तास शैक्षणिकदृष्ट्या विशेष मोलाचा ठरतो. प्रश्न तयार करताना तो कोणत्या शासनाच्या कक्षेत येतो, हे विद्यार्थ्यास आधी ठरवावे लागते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे हा केंद्राचा, पोलीस हा राज्याचा, तर शिक्षण हा दोहोंच्या समवर्ती सूचीतील विषय आहे. गावातील पिण्याच्या पाण्याचा विषय अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे सोपविता येणाऱ्या २९ विषयांत मोडतो. त्यामुळे नळाला पाणी का येत नाही, हा प्रश्न थेट पंतप्रधानांना विचारून भागत नाही, हे विद्यार्थ्याला येथे उमगते.

मात्र प्रश्न आणि उत्तरे दोन्ही शिक्षकांनी लिहून दिली, तर या उपक्रमाचे नाट्यस्पर्धेत रूपांतर होते. संसदेत तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी तोंडी उत्तर दिल्यानंतर सदस्य पूरक प्रश्न विचारतात. असे पूर्वतयारी नसलेले पूरक प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, तरच मंत्र्याच्या भूमिकेतील विद्यार्थ्याला उत्तरदायित्व म्हणजे काय, हे कळते.

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे किमान वय २१ वरून १८ वर्षे झाले. बारावीनंतर लगेचच मतदार होणाऱ्या मुलांना हा सराव शाळेतच मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.