खेचरांची वाट

दोन वर्षांपूर्वी आमचे नाना उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे राहायला आले. तीस वर्षे सायकलवरून कामावर गेलेला माणूस. आमच्या वसाहतीत चार दिवस फिरल्यावर म्हणाले, "रस्ते गुळगुळीत आहेत रे, पण सायकल चालवायची कुठे? आणि चालवली तरी बघायचं काय, मोटारी?"

पुढच्याच शनिवारी मोटारीच्या मागे सायकली बांधल्या आणि त्यांना पोटोमॅक नदीकाठी जॉर्जटाऊनला नेले. तिथून एक जुना कालवा निघतो आणि त्याच्या कडेने मातीची वाट. दोन मैलांतच शहर मागे पडले. एका बाजूला कालव्याचे संथ हिरवे पाणी, ओंडक्यांवर ऊन खात बसलेली कासवे, एका पायावर उभा निळा बगळा. दुसऱ्या बाजूला झाडीतून मधूनच चमकणारी नदी. नाना खुशीत म्हणाले, "अरे, ही तर आपल्या मुठा कालव्याच्या कडेची वाट!" आणि लगेच विचारले, "हा खणला कुणी?" मला सांगता येईना. इतकी वर्षे इथे राहून ठाऊक नव्हते, याची लाज वाटली. मग वाचून काढले, ते आपल्या वाचकांसाठी इथे देत आहे.

हा चेसापीक अँड ओहायो कालवा. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्याची पहिली कुदळ मारली. डोंगर ओलांडून ओहायो नदीपर्यंत जलमार्ग न्यायचा, असा बेत होता. गंमत म्हणजे त्याच दिवशी बाल्टिमोरला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचाही आरंभ झाला. ध्येय दोघांचे एकच. पुढे पॉइंट ऑफ रॉक्सला नदी आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेवरून दोघांचे कोर्टात भांडण लागले. १८३२ साली निकाल कालव्याच्या बाजूने लागला. खटला कालव्याने जिंकला, शर्यत मात्र हरला. रेल्वे १८४२ साली कंबरलंडला पोहोचली. कालवा तिथे पोहोचायला १८५० उजाडले आणि तो तिथेच थांबला.

खणणाऱ्यांत आयर्लंडहून आलेले मजूर पुष्कळ होते. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यातले कितीतरी काठावरच्या छावण्यांत मेले. आपल्यासारखेच पोटासाठी समुद्र ओलांडून आलेले लोक. पण आपण डिग्री घेऊन आलो, ते फावडे घेऊन आले.

कालव्याची लांबी १८४.५ मैल. एवढ्या अंतरात तो ६०५ फूट चढतो, तोही ७४ लॉक्सच्या पायऱ्यांनी. बोट लॉकमध्ये शिरली की दारे बंद करायची, वरचे पाणी आत सोडायचे, म्हणजे बोट आपोआप वरच्या पातळीला येते. वाटेत नदीला मिळणारे प्रवाह ओलांडायला ११ जलसेतू बांधले. मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा सेतू त्यांत सर्वांत मोठा. बोटी ओढायची खेचरे. कोळशाने भरलेली बोट, तिला बांधलेला लांब दोर आणि काठाने चालणारी खेचरे. नावाड्याचे कुटुंबच बोटीवर राही, आणि खेचरे हाकायला बहुधा पोरेच असत. आज आपली सायकल चालते ती ही खेचरांची वाट. लॉकपाशी छोटा चढ लागतो, एरवी जवळजवळ सपाट. नानांच्या गुडघ्यांनी कुरकूर केली नाही, त्याचे श्रेय त्या खेचरांना!

१८८९ च्या महापुराने कालव्याचे कंबरडे मोडले, आणि तो त्याच प्रतिस्पर्धी रेल्वेच्या ताब्यात गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ साली सरकारने तो २० लाख डॉलर्सना विकत घेतला, आणि खालच्या टप्प्याची दुरुस्ती कृष्णवर्णीय तरुणांच्या दोन तुकड्यांनी केली. पुढे मात्र या जागेवरून मोटारींसाठी निसर्गरम्य रस्ता काढायची योजना आली. जानेवारी १९५४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून सुचवले, की आधी माझ्याबरोबर ही वाट चालून पाहा. मार्चमध्ये संपादक मंडळींसह बरेच लोक कंबरलंडहून निघाले. आठ दिवस चालणे झाले. पूर्ण अंतर चालून वॉशिंग्टनला पोहोचले ते नऊच जण, डग्लस त्यांत होते. वृत्तपत्राने आपले मत बदलले, रस्ता बारगळला, आणि १९७१ साली हा सारा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

हे नानांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. सायकली कधी गेल्या ते कळलंसुद्धा नाही. कुणी चाललं नाही त्यांच्यासाठी. मीही नाही."

ग्रेट फॉल्स जॉर्जटाऊनपासून १४ मैलांवर. खडकांवर आपटत फेसाळणारे पोटोमॅकचे पाणी पाहायला तिथपर्यंत जाच. हार्पर्स फेरी साधारण ६० मैलांवर. तिथे शेनँडोआ पोटोमॅकला मिळते. जॉन ब्राउनने १८५९ साली गुलामगिरीविरुद्ध उठाव केला, तेच हे गाव. एप्रिलमध्ये काठावर निळी फुले, ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग. १५५ व्या मैलावर पॉपॉ बोगदा आहे, ३,११८ फूट लांब. आत मिट्ट काळोख, तेव्हा बॅटरी घ्या आणि सायकलवरून उतरून चाला. आणखी एक गंमत: कालव्याला कधी जमले नाही ते सायकलींनी केले. कंबरलंडहून पिट्सबर्गपर्यंतची १५० मैलांची वाट २०१३ साली पुरी झाली. ओहायो नदी तिथेच सुरू होते!

आणि ज्या झाडांवरून त्या बोगद्याला नाव पडले, ते पॉपॉ आपल्या सीताफळाच्या कुळातले. फळ सप्टेंबरमध्ये पिकते. नाना यंदा मुद्दाम सप्टेंबरचे तिकीट काढून येत आहेत. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी सायकलीत हवा भरून ठेवावी, आणि मुलांना नक्की आणावे.